नवं विज्ञान साहित्य वर्गात पारखताना: सहावी ते आठवीच्या शिक्षकांसाठी टप्प्याटप्प्याने

विज्ञानाचं नवं पुस्तक, कार्यपत्रिका, प्रयोगाची पेटी, शिक्षक हस्तपुस्तिका हे सगळं कुणीतरी टेबलाशी बसून लिहिलेलं असतं. लिहिणारे जाणकार असतात, अनेकदा स्वतः शिकवलेलेही असतात. पण चाळीस मुलं, पस्तीस मिनिटांची तासिका, गळका बीकर आणि मागच्या बाकावरून येणारा अनपेक्षित प्रश्न, या सगळ्यांपुढे ते साहित्य टिकतं का हे टेबलाशी कळत नाही. ते तुमच्या वर्गात कळतं. म्हणूनच छपाईआधी काही शिक्षकांना विचारणा होते: हा घटक तुमच्या वर्गात शिकवून पाहाल का?

हे काम करणाऱ्या शिक्षकांना सहसा एकच सूचना मिळते, 'शिकवा आणि अभिप्राय द्या'. तेवढ्याने भागत नाही. चांगला शिक्षक सवयीने तास सावरतो. उदाहरण फसलं तर दुसरं देतो, कृती लांबली तर आटोपती घेतो, प्रश्न कुणाला कळला नाही तर सोप्या शब्दांत सांगतो. एरवी हेच आपलं कसब. चाचणीत मात्र ते साहित्यातला दोष झाकून टाकतं. तास छान होतो, अभिप्राय 'उत्तम' असा जातो आणि तीच फसवी कृती हजारो वर्गांत पोहोचते, जिथे सावरायला तुम्ही नसता. पुढचं सगळं मार्गदर्शन या एका अडचणीभोवती आहे: साहित्य कुठे उभं राहतं आणि कुठे ढासळतं हे झाकलं न जाता दिसावं कसं.

या कामाला मोठी परंपरा आहे. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ शाळांत सहावी ते आठवीसाठी प्रयोगांवर आधारलेलं विज्ञान शिकवायला सुरुवात केली. १९७८ मध्ये तो कार्यक्रम जिल्हाभर गेला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो पुढे सांभाळला आणि तो २००२ पर्यंत चालला. त्याचा कणा होता शिक्षकांच्या मासिक बैठका. वर्गात काय अडलं ते शिक्षक तिथे मांडत आणि त्यातून प्रकरणं पुन्हा लिहिली जात. अमेरिकेत अलीकडे ओपनसायएड या उपक्रमानेही सहावी ते आठवीचे घटक १० राज्यांतल्या वर्गांत चाचणी घेऊन सुधारले आणि मगच सर्वांसाठी खुले केले. दोन्हीकडे शिक्षकांना साहित्य पारखणारे म्हणून वागवलं गेलं. तुम्हीही याच भूमिकेतून कामाला लागा.

होकार देण्याआधी

पहिल्या भेटीतच काही गोष्टी स्पष्ट विचारा. साहित्य कोणत्या अवस्थेत आहे? पहिला कच्चा मसुदा असेल तर तो मोजक्या वर्गांत, लेखकांच्या देखत पारखला जातो आणि त्यात अख्खी प्रकरणं बदलू शकतात. पुढच्या टप्प्यात साहित्य बरंचसं ठरलेलं असतं आणि वेगवेगळ्या तऱ्हेच्या अनेक शाळांत ते चालतं का, एवढंच पाहायचं असतं. दोन्हींत तुमचं काम वेगळं आहे. पहिल्यात 'हा धडाच उलट क्रमाने हवा' असं सांगायला जागा असते. दुसऱ्यात ती फारशी नसते, तिथे वेळ, भाषा, साहित्याची जुळवाजुळव यांवरची निरीक्षणं जास्त उपयोगी पडतात.

मग विचारा: एकूण किती तासिका लागतील आणि त्यात तुमच्या नेहमीच्या अभ्यासक्रमातलं काय भागेल? उपकरणं कोण देणार? प्रशिक्षण किती? नोंदी कोणत्या स्वरूपात हव्यात? निरीक्षक वर्गात येणार का, आणि त्यांच्या टिपणांचा तुमच्या वैयक्तिक कामगिरीच्या मूल्यमापनाशी काही संबंध असणार का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं लेखी मिळवा. आपल्याला गुण दिले जाणार आहेत असं वाटलं की कोणताही माणूस फसलेला तास झाकणारच, आणि मग चाचणीला अर्थ उरत नाही.

आणखी एक गोष्ट. तुमच्या अभिप्रायाचं पुढे काय झालं हे तुम्हाला कळवलं जाईल का, हेही विचारा. ज्या चाचणीत अभिप्राय फक्त गोळा होतात आणि उलट उत्तर कधीच येत नाही, तिथे शिक्षकांचा उत्साह दुसऱ्या घटकापर्यंतही टिकत नाही.

मुख्याध्यापक, पालक आणि मुलं

मुख्याध्यापकांशी बोलताना वेळापत्रकाचा मुद्दा आधी काढा. प्रयोगाच्या कृतीला सलग दोन तासिका लागत असतील तर त्या आधीच जोडून घ्या. मूल्यमापनात हा घटक कसा धरला जाईल तेही ठरवून टाका. चाचणीतल्या साहित्यामुळे एखाद्या मुलाचे गुण कमी झाले असं कुणालाही वाटता कामा नये.

पालकांना साध्या भाषेत एक पत्र द्या: काय शिकवलं जाणार, किती दिवस, मुलांच्या वह्यांची छायाचित्रं किंवा वर्गाचं चित्रीकरण होणार का, ते कोण पाहणार. चित्रीकरणाला नकार दिलेल्या मुलाला कृतीतून वगळू नका, कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसवा. मुलांची नावं कुठल्याही नमुन्यावर बाहेर जाऊ देऊ नका, त्याऐवजी सांकेतिक क्रमांक वापरा.

मुलांनाही विश्वासात घ्या. 'हे पुस्तक अजून पूर्ण झालेलं नाही, ते नीट व्हावं म्हणून आपण मदत करतोय. काही कळलं नाही तर ती चूक पुस्तकाची असू शकते, सांगा.' एवढं बोललात तरी वर्गाचा नूर बदलतो. एरवी गप्प बसणारी मुलंही 'बाई, इथे काय करायचं ते लिहिलंच नाही' असं सांगू लागतात. हे वाक्य चाचणीत फार मोलाचं आहे.

शिकवण्याआधी प्रत्येक कृती स्वतः करून पाहा

हस्तपुस्तिका नुसती वाचून वर्गात जाऊ नका. आधी एकदा फक्त मुलांची कार्यपत्रिका समोर घ्या, हस्तपुस्तिका बंद ठेवा आणि सूचना वाचत वाचत कृती करा. जिथे तुम्हालाच थांबून 'म्हणजे नेमकं काय?' असं वाटलं, तिथे पेन्सिलीने खूण करा. दुसऱ्यांदा हस्तपुस्तिकेसह करा. दोन वाचनांत जो फरक पडेल तो लिहून ठेवा, कारण मुलांच्या हातात फक्त कार्यपत्रिकाच असते.

कृती करताना मोजमापांकडे खास लक्ष द्या. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं असं छापलेलं असेल आणि तुमची शाळा उंचावर असेल तर तापमापी तो आकडा दाखवणार नाही. समुद्रसपाटीपासून वर जाताना सुमारे ३०० मीटरमागे उत्कलनबिंदू जवळपास १ अंशाने उतरतो. शिवाय वर्गातल्या स्वस्त तापमापी आपसातही एक-दोन अंशांनी जुळत नाहीत. आठ गटांचे आठ आकडे आले तर शिक्षकाने काय करायचं, हे हस्तपुस्तिकेत आहे का पाहा. नसेल तर ती मोठी उणीव आहे.

हवामानही तपासा. फुगा लोकरीवर घासून कागदाचे कपटे उचलण्याची कृती दमट हवेत नीट होत नाही, कारण प्रभार टिकत नाही. उलट थंड ग्लासाबाहेर जमणारे थेंब कोरड्या हवेत जेमतेम दिसतात. होकायंत्राची कृती लोखंडी पायांच्या टेबलावर केली तर सुई भलतीकडेच वळते. या गोष्टी लेखकांना माहीत नसतात असं नाही, पण त्यांच्या खोलीत कृती जमलेली असते, त्यामुळे लिहिताना त्या राहून जातात.

सुरक्षिततेची तपासणी स्वतंत्रपणे करा. पानातला स्टार्च ओळखण्याच्या प्रयोगात पान स्पिरिटमध्ये तापवावं लागतं. स्पिरिट उघड्या ज्योतीवर कधीच तापवायचं नाही. ज्योत विझवून, ती दूर सारून, गरम पाण्याच्या भांड्यात स्पिरिटची परीक्षानळी ठेवायची. सूचनांत हे ठळक नसेल तर कृती वर्गात करू नका आणि त्याच दिवशी कळवा. असं काही आढळलं तर घटक संपेपर्यंत थांबायचं नाही.

मुलांना आधी काय वाटतं ते टिपा

घटक सुरू करण्याआधी एक-दोन दिवस मुलांच्या मनातल्या कल्पना लिहून घ्या. त्यांना परीक्षेचं स्वरूप देऊ नका. 'तुला काय वाटतं, आणि का?' असे तीन-चार प्रश्न पुरेत. या वयातल्या मुलांच्या काही कल्पना जगभर आढळतात: झाडाचं सगळं अन्न मातीतून येतं, बल्ब वीजप्रवाह 'खाऊन टाकतो' म्हणून पुढे कमी उरतो, साखर विरघळली की नाहीशी होते, जड वस्तू बुडते आणि हलकी तरंगते, पृथ्वी सूर्याच्या जवळ आली की उन्हाळा होतो. नवं साहित्य बहुधा यांतलीच एखादी कल्पना हलवण्यासाठी लिहिलेलं असतं. सुरुवातीला वर्ग कुठे होता हे कागदावर नसेल तर शेवटी साहित्याने काय केलं हे सांगता येणार नाही.

उत्तरं तपासून गुण देऊ नका. ढोबळ गट पाडा: कोणती कल्पना किती मुलांची. प्रत्येक गटातलं एकेक उत्तर मुलाच्या शब्दांत उतरवून ठेवा.

पहिल्या फेरीत लिहिलंय तसंच शिकवा

हा सगळ्यात अवघड टप्पा आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचाही. हस्तपुस्तिकेत जो प्रश्न आहे तोच विचारा, जो क्रम आहे तोच ठेवा, जेवढा वेळ दिलाय तेवढा होईपर्यंत थांबा. चर्चा रंगली नाही तर लगेच स्वतःचं उदाहरण देऊ नका, हस्तपुस्तिकेत सुचवलेला पुढचा प्रश्न विचारून पाहा. तोही चालला नाही तर 'इथे चर्चा थंडावली, दोन्ही प्रश्न वाया गेले' अशी नोंद करा.

तास पूर्ण कोलमडेपर्यंत मात्र वाट पाहायची नाही. मुलांचं नुकसान करून चाचणी करायची नसते. तीन प्रसंगी लगेच हस्तक्षेप करा: कुणाला इजा होण्याची शक्यता असेल, साहित्यात विज्ञानच चुकलं असेल, किंवा एखादं मूल अपमानित होत असेल. बाकी ठिकाणी थोडा धीर धरा. आणि बदल करावाच लागला तर तीन गोष्टी लिहा: काय बदललं, कोणत्या क्षणी, कशामुळे. तुमचा सावरण्याचा मार्ग हीदेखील लेखकांसाठी उत्तम सूचना असते, फक्त तो सावरण्याचा मार्ग आहे हे त्यांना कळायला हवं.

तुमच्याकडे त्याच इयत्तेच्या दोन तुकड्या असतील तर उत्तमच. पहिल्या तुकडीत लिहिल्याबरहुकूम शिकवा, दुसरीत तुमचा बदल करून पाहा. बदलामुळे काही फरक पडला का याचा अंदाज तिथल्या तिथे येतो. तुकड्या वेगळ्या असतात, त्यामुळे हा काही पक्का पुरावा नव्हे, पण लेखकांना दिशा मिळते.

कृतीतूनच चुकीची समजूत पक्की होत नाही ना, यावर डोळा ठेवा. असे दोष वाचताना दिसत नाहीत. दोन बल्ब एकसरीत जोडून 'दोन्ही सारखेच पेटतात, म्हणजे प्रवाह वाटेत संपत नाही' हे दाखवणारी कृती घ्या. एकाच खोक्यातले दोन बल्बही कित्येकदा थोडे वेगळे निघतात आणि एक मंद दिसतो. मुलं म्हणतात, 'बघा, पहिल्याने वीज खाल्ली.' जी कल्पना मोडायची तीच पुरावा घेऊन परत आली! बल्बांची अदलाबदल करून पाहायची सूचना कार्यपत्रिकेत असेल तर मुलांना उलगडा होतो, कारण मंद बल्ब कुठेही लावला तरी मंदच राहतो. सूचना नसेल तर तुमची ही एक नोंद असंख्य वर्गांना वाचवते.

साखर विरघळण्याच्या कृतीतही असंच होतं. १०० ग्रॅम पाणी आणि २० ग्रॅम साखर मिळून १२० ग्रॅम भरायला हवं. ढवळलेला चमचा बाहेर ठेवला की त्याबरोबर थेंब जातात, काटा ११९ दाखवतो आणि 'एक ग्रॅम साखर नाहीशी झाली' असा निष्कर्ष वहीत उतरतो. चमच्यासकट वजन करा, आधीही आणि नंतरही, एवढीच दुरुस्ती लागते.

नोंद: त्याच दिवशी, थोडक्यात, पण नेमकी

आठवड्याच्या शेवटी लिहिलेल्या नोंदी गुळगुळीत होतात. तास संपल्यावर दहा मिनिटं काढा. हस्तपुस्तिकेच्या समासातच पेन्सिलीने लिहिणं मला सर्वांत सोयीचं वाटतं, कारण टीप आणि ती ज्या ओळीबद्दल आहे ती ओळ एकत्र राहतात. प्रत्येक कृतीसमोर प्रत्यक्ष लागलेली मिनिटं लिहा. साहित्य वाटणं, गोळा करणं, टेबल पुसणं यात गेलेला वेळ वेगळा लिहा. लेखक तो हमखास विसरतात, आणि पस्तीस मिनिटांच्या तासिकेत तोच दहा मिनिटं खातो.

त्याखाली पाच-सहा ओळी. काय घडलं आणि तुम्हाला काय वाटलं हे वेगवेगळं लिहा. 'मुलं कंटाळली' हे तुमचं मत आहे. 'आठपैकी पाच गटांनी तिसऱ्या प्रश्नाची जागा कोरी सोडली, दोन गट दुसरंच काही बोलत होते' ही घटना आहे. घटना लिहिलीत तर वाचणारा स्वतःचा निष्कर्ष काढू शकतो, आणि तो कधी तुमच्याहून वेगळा असेल.

मुलांची वाक्यं जशीच्या तशी टिपा. व्याकरण सुधारू नका, अर्थ लावू नका. एखादं अर्धवट वाक्यसुद्धा साहित्य लिहिणाऱ्याला पानभर विश्लेषणापेक्षा जास्त सांगून जातं. तासभर सगळ्या वर्गाचं ऐकणं शक्य नसतं, म्हणून प्रत्येक तासाला एकच गट ठरवा आणि त्याच्याजवळ थोडा जास्त वेळ थांबा. गट दर तासाला बदला, म्हणजे फक्त बोलकी मुलं ऐकली असं होणार नाही.

एका घटकावरून हे कसं दिसतं ते सांगते. समजा विषय आहे बाष्पीभवन आणि संघनन. सुरुवातीचा प्रश्न: थंडगार पाणी भरलेल्या ग्लासाच्या बाहेरून थेंब कुठून आले? पुष्कळ मुलं म्हणतात, काचेतून पाणी झिरपलं. साहित्य दोन कृती सुचवतं. पहिलीत ग्लासात रंगीत पाणी भरायचं आणि बाहेरचे थेंब रंगीत आहेत का ते टिपकागदाने पाहायचं. दुसरीत झाकण घट्ट लावलेली थंड बाटली आधी आणि वीस मिनिटांनी तोलायची. पाणी आतून आलं असतं तर एकूण वजन तेवढंच राहिलं असतं, हवेतून आलं असेल तर वाढेल.

तर्क सुंदर आहे. पण वर्गात काय होतं? पहिल्या कृतीत काही मुलं म्हणतील, 'पाणी झिरपलं, रंग आत अडकला, गाळणीत होतं तसं.' हे चुकीचं असलं तरी विचारपूर्वक दिलेलं उत्तर आहे, आणि त्याला काय म्हणायचं ते हस्तपुस्तिकेत हवं. दुसऱ्या कृतीत वाढणारं वजन फार थोडं असतं. १ ग्रॅमपर्यंतच वाचणाऱ्या काट्यावर ते दिसेलच असं नाही. काटा हलला नाही की मुलं बरोबर उलटा निष्कर्ष काढतात. शिवाय हवा कोरडी असेल तर थेंबच पुरेसे जमत नाहीत.

या घटकाची उपयोगी नोंद साधारण अशी होईल: 'कृती २. सहा गटांत काट्यावर काहीच बदल नाही, दोन गटांत १ ग्रॅम वाढ. काटा १ ग्रॅमचा. खिडक्या उघड्या, हवा कोरडी. मुलांचं म्हणणं: "वजन तेवढंच आहे, म्हणजे आतलंच पाणी बाहेर आलं." सूचना: ०.१ ग्रॅम वाचणारा काटा द्यावा, किंवा बाटली मोठी घ्यावी. कोरड्या हवेसाठी पर्यायी कृती हवी. कृती १ मध्ये गाळणीचं उत्तर तीन गटांत आलं, त्यावर पुढचा प्रश्न द्यावा.' एवढी नोंद हाती आली की लेखकाला पुढे काय करायचं ते विचारावं लागत नाही.

मुलांच्या कामाचे नमुने

नमुने पाठवताना आपण नकळत सुवाच्य अक्षराच्या वह्या उचलतो. ते टाळण्यासाठी घटक सुरू होण्याआधीच निवड करा. हजेरीपटावरचा प्रत्येक पाचवा क्रमांक, किंवा चिठ्ठ्या टाकून आठ मुलं. त्या मुलांची प्रत्येक कार्यपत्रिका शेवटपर्यंत जमवा, अर्धी असली तरी, चुकीची असली तरी. एखाद्या दिवशी त्यांतलं कुणी गैरहजर असेल तर तसं लिहा. एखादी वही अभिनव वाटली तर ती वेगळी पाठवा आणि ती मुद्दाम निवडलेली आहे हे सांगा.

प्रश्नपत्रिकाही चाचणीत आहे

घटकाच्या शेवटी दिलेले प्रश्न मुलांचं मोजमाप करतात असं आपण धरून चालतो. चाचणीच्या काळात त्या प्रश्नांचंही मोजमाप चालू असतं. घटक सुरू होण्याआधीच जवळपास सगळ्यांना आलेला प्रश्न शिकण्याबद्दल काही सांगत नाही. शेवटीही कुणालाच न आलेला प्रश्न तीन कारणांनी तसा असू शकतो: शिकवलंच गेलं नाही, शिकवलं पण कळलं नाही, किंवा प्रश्नाची भाषाच कळली नाही. तिसरं कारण ओळखायचा सोपा मार्ग आहे. तीन-चार मुलांना एकेकटं बोलवा आणि विचारा, 'या प्रश्नात तुला काय विचारलंय असं वाटतं? तुझ्या शब्दांत सांग.' उत्तर बरोबर की चूक हे तेव्हा बोलू नका. पाच मिनिटांत प्रश्नाचा दोष समोर येतो. आकृतीतला बाण मुलाने उलटा वाचलेला असतो, 'स्पष्ट करा' म्हणजे किती लिहायचं हे त्याला ठाऊक नसतं, किंवा अनोळखी वस्तूचं उदाहरण वाचूनच ते थबकलेलं असतं.

गुणदानाचे निकष दिले असतील तर दुसऱ्या शिक्षकांसोबत दहा उत्तरपत्रिका एकमेकांचे गुण न पाहता तपासा. गुण वारंवार वेगळे पडत असतील तर निकष अस्पष्ट आहेत. कोणत्या उत्तरावर मतभेद झाला ते उत्तर जोडून कळवा.

अभिप्राय कसा पाठवावा

सगळे दोष एका पातळीवर मांडू नका. सुरक्षितता आणि चुकीचं विज्ञान यांसाठी त्याच दिवशी फोन किंवा संदेश. तास अडवणाऱ्या गोष्टी, म्हणजे न पुरणारा वेळ, न कळणारी सूचना, न चालणारं उपकरण, या दर आठवड्याला. शुद्धलेखन, चित्राचा आकार, पानांची मांडणी घटकाच्या शेवटी एकत्र. असं वर्गीकरण न केल्यास गंभीर मुद्दा वेलांटीच्या चुकांच्या यादीत हरवून जातो.

काय चाललं हेही तितक्याच नेमकेपणाने लिहा. 'सुरुवातीचा प्रश्न आवडला' याऐवजी 'सुरुवातीच्या प्रश्नावर न सांगता चौदा मुलांनी हात वर केले आणि दोघांत वाद लागला' असं लिहिलंत तर तो प्रश्न पुढच्या आवृत्तीत जपला जाईल. कौतुक मोघम राहिलं तर सुधारणेच्या भरात चांगला भागच कापला जाण्याचा धोका असतो.

सौम्य होण्याच्या नादात बोथट होऊ नका. लेखकांनी कष्ट घेतलेले असतात हे खरं, पण तुमचा संकोच शेवटी मुलांना महागात पडतो. दोष साहित्याचा म्हणून मांडा, लिहिणाऱ्याचा म्हणून नको. आणि ज्यावर तुमचं मत पक्कं नाही तिथे तसं लिहा: 'हे माझ्या वर्गापुरतं असेल, इतरांकडे काय झालं ते पाहावं.'

बैठकीत

इतर शाळांतल्या शिक्षकांसोबतची बैठक म्हणजे चाचणीचा गाभा. तिथे जाताना मत घेऊन जाऊ नका, वह्या घेऊन जा. एकाच प्रश्नाला वेगवेगळ्या वर्गांतल्या मुलांनी दिलेली उत्तरं टेबलावर पसरा आणि पहिली दहा मिनिटं फक्त वाचा, बोलू नका. एकच चूक सगळ्या वर्गांत दिसली तर कारण साहित्यात आहे. एकाच वर्गात दिसली तर त्या वर्गाची परिस्थिती पाहावी लागेल. हे वेगळं काढणं एकट्या शिक्षकाला कधीच जमत नाही.

नवख्या शिक्षकांना आधी बोलू द्या. अनुभवी शिक्षक न कळत कितीतरी गोष्टी सावरून नेतात, नवख्यांना त्या अडतात, आणि पुढे हे साहित्य वापरणाऱ्यांत नवखेही असणारच. ज्यांचं मूळ प्रशिक्षण विज्ञानाचं नाही अशा शिक्षकाला हस्तपुस्तिकेतला कोणता परिच्छेद कळला नाही, हे खास विचारून घ्या.

मतभेद मिटवण्याची घाई नको. 'ही कृती काढा' आणि 'ही कृती सर्वांत चांगली' अशी दोन मतं आली तर दोन्ही कारणांसकट नोंदवा. बहुतेक वेळा फरक वर्गाच्या संख्येत, उपकरणांत किंवा आधीच्या धड्यात असतो, आणि तो सापडला की मतभेदाचंच सूचनेत रूपांतर होतं.

सुधारित आवृत्ती आल्यावर

सुधारलेलं साहित्य हातात आलं की आपल्या जुन्या नोंदी शेजारी ठेवून वाचा. कोणती सूचना घेतली, कोणती नाही, कोणती अर्धवट घेतली अशी खूण करा. न घेतलेल्यांचं कारण विचारा. कधी इतर वर्गांत उलट अनुभव आलेला असतो, कधी जागाच पुरत नसते, कधी सूचना खरोखर नजरेतून सुटलेली असते. तिसरं असेल तर ती पुन्हा पाठवा, मुलांच्या उत्तरासकट.

दुरुस्त केलेली कृतीही पुन्हा करून पाहायला हवी. ०.१ ग्रॅमचा काटा आला, पण तो वाऱ्याच्या झुळकीने सतत हलतो आणि आकडा स्थिरच होत नाही, असं होऊ शकतं. पर्यायी कृती दिली, पण तिला आणखी एक तासिका लागते. शक्य असेल तर पुढच्या वर्षीच्या वर्गाला तेच सुरुवातीचे प्रश्न विचारा, त्याच पद्धतीने नमुन्याची मुलं निवडा आणि जिथे पहिल्या फेरीत साहित्य ढासळलं होतं नेमक्या त्याच तासांच्या नोंदी घ्या. सगळा घटक पुन्हा बारकाईने टिपायची गरज नाही. थेंबांच्या त्या दुसऱ्या कृतीनंतर किती गट अजूनही 'आतलंच पाणी' म्हणतात एवढं मोजलंत, आणि मागच्या आकड्याशेजारी लिहून पाठवलंत, तर दुरुस्ती लागू पडली की नाही ते लेखकांना कळतं.